दाखवलं का कुणाला?

मला मूळव्याध होती, हे खोटं नव्हतं. पुढे डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तीही सापडली, बऱ्याच वर्षांची जुनी. पण रक्त फक्त तिच्यातून येत नव्हतं. एका माणसाला एकाच वेळी दोन आजार असू शकतात आणि त्यातला साधा आजार मोठ्याला पाठीशी घालतो, हे मी पन्नाशी ओलांडल्यावर शिकलो, तेही फार महागात.

मी खानापूर तालुक्यातला. आमच्या विटा-खानापूर-आटपाडी भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. जिथे सराफ बाजार आहे तिथे आमच्याकडचं एखादं दुकान सापडतंच. माझं पानिपतात आहे. जुनं सोनं-चांदी वितळवायची, तेजाबात शुद्ध करायची, टंच काढून द्यायचा. दिवसभर भट्टीपुढे मांडी घालून बसायचं. उठलं की काम मोडतं म्हणून पाणी बेतानं प्यायचं, जेवण कधी दोनला तर कधी चारला. या धंद्यात ‘उष्णता’ रोज तोंडात असते. डोळे जळजळले, उष्णता. तोंड आलं, उष्णता. लघवीला आग झाली, उष्णता. त्यामुळे दुकानामागच्या संडासात पांढऱ्या भांड्यावर पहिल्यांदा लाल थेंब दिसले तेव्हा मला कारण शोधावंच लागलं नाही. भट्टी बाधली, असं मनाशी म्हणालो आणि पाणी ओतून बाहेर आलो.

शेजारच्या दुकानातल्या गाववाल्याला दबक्या आवाजात विचारलं. तो म्हणाला, “आपल्या धंद्यात कुणाला नाही मूळव्याध? मला वीस वर्षं आहे.” माझ्या मनावरचं ओझं उतरलं. घरी फोन केला तर आईनं नागकेशर आणि खडीसाखर लोण्यातून घ्यायला सांगितली. सुरण खा, ताक पी, मिरची बंद कर. तेव्हापासून बायको आठवड्याला सुरणाची भाजी करू लागली. रक्त थांबलं. काही आठवड्यांनी पुन्हा आलं. मग इसबगोल, मग दुर्वांचा रस, मग कुणीतरी सांगितलेली लेपाची ट्यूब.

ते येतं आणि थांबतं, हा त्याचा स्वभावच आहे. मूळव्याधीतलं रक्त असंच वागतं आणि आतड्यातल्या गाठीतलं रक्तही असंच वागतं. मला हे माहीत नव्हतं. त्यामुळे ज्या आठवड्यात जे घेत होतो त्याला श्रेय मिळत गेलं. थांबलं की औषधाचा गुण आला. परत सुरू झालं की माझ्याकडून पथ्य मोडलं, परवा लग्नात तर्रीदार भाजी खाल्ली होती ना! हरियाणात हिवाळ्यात ताटात चुकंदर असतं, म्हणजे आपलं बीट. त्यानं शौचाला लाली येते हे खरं आहे, म्हणून दोन-तीनदा दोष बिटावरही टाकला. नेमका आजार कोणता, या प्रश्नापर्यंत मी पोचतच नव्हतो.

दिल्लीहून अंबाल्याकडे गाडीनं निघालात की रुळांकडेच्या भिंतींवर मोठाल्या अक्षरांत रंगवलेलं दिसतं: ‘बवासीर, भगंदर का शर्तिया इलाज, बिना ऑपरेशन.’ अशाच एका दवाखान्यात मी गेलो. कोणता ते सांगण्यात अर्थ नाही, असे शेकडो आहेत. तिथल्या माणसानं मला खुर्चीवरून उठायलाही लावलं नाही. “मस्से हैं?” त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. त्यानं पुड्या बांधून दिल्या. मला त्याचं हेच आवडलं होतं, हे मी आज कबूल करतो. कपडे सोडावे लागले नाहीत, आडवं व्हावं लागलं नाही. उपचारापेक्षा त्या अब्रूसाठी मी पैसे मोजत होतो.

बायकोनं धुण्यात डाग पाहिला. विचारलं, “दाखवलं का कुणाला?” मी म्हणालो, दाखवलं. म्हणजे खोटं बोललो. दाखवणं म्हणजे डॉक्टरनं डोळ्यांनी पाहणं, बोटांनी चाचपणं. तसं कुणीच पाहिलेलं नव्हतं. माझ्या आजाराचं नाव मी ठेवलं होतं आणि पुढे प्रत्येकाला तेच नाव सांगत गेलो. ऐकणाराही ते खरं धरून चालायचा. मूळव्याध म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. लोक हसून विषय बदलतात.

इथवर नुकसान माझं एकट्याचं होतं.

माझ्याकडे कामाला मामेबहिणीचा मुलगा होता, विशीतला. एक दिवस चांदीची लगड कापता कापता मान खाली घालून म्हणाला, “मामा, मलाबी रक्त पडतंय. आवबी हाय.” मी त्याला धीर दिला. भट्टीपुढं बसलं की होतं, म्हणालो, आणि माझ्या पुड्यांमधल्या निम्म्या पुड्या त्याला दिल्या. वरून मेडिकलमधून जुलाब थांबवायच्या गोळ्या आणून दिल्या. पोरगं रात्री पाच-पाच वेळा उठायचं. दुकानावरच्या खोलीत मी झोपलेला असायचो, दाराची कडी वाजली की कूस बदलायचो. त्याची हनुवटी टोकदार दिसायला लागली तेव्हा त्याच्या आईनं त्याला गावी बोलावून घेतलं आणि मिरजेला नेलं. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी झाली. अल्सरेटिव्ह कोलायटिस. मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर सुजतं, त्याला चरे आणि व्रण पडतात, रक्त आणि आव जाते. हा जंतूंचा जुलाब नसतो, म्हणून जंतूंच्या गोळ्यांनी जात नाही. औषधं बहुधा कायमची घ्यावी लागतात, पण ती घेऊन माणूस नीट जगतो. आपल्याकडे हा आजार दुर्मीळ समजतात. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात केलेली पाहणी २००३ साली छापून आली, तीत लाखामागे सुमारे ४४ जणांना तो सापडला होता. एवढ्या लोकांतला एक माझ्या दुकानात बसला होता आणि मी त्याला माझ्याच पुड्या देत होतो. त्यानं मला कधी बोल लावला नाही. त्याच्या आईनं मात्र दोन वर्षं फोन उचलला नाही. तिचं चुकलं असं मला वाटत नाही.

याच काळात आबा आले.

आबा म्हणजे माझे थोरले चुलते. पानिपतात राहणाऱ्या मराठी माणसाकडे १४ जानेवारीला पाहुणे येतातच. १७६१ साली याच तारखेला जिथे लढाई झाली ते रण पाहायला, काला अंबच्या स्मारकाला डोकं टेकायला गावोगावचे लोक येतात. आबांची ती आयुष्यभराची इच्छा होती. गोवा एक्स्प्रेसनं मिरजेहून निजामुद्दीनला उतरले. गुडघे धरलेले, म्हणून खिशात वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं. हृदयासाठी रक्त पातळ करायची छोटी गोळी रोजची होतीच. गाडीत जेवण बेताचं आणि गोळ्या मात्र वेळेवर.

संक्रांतीच्या सकाळी अंगणात तोंड धुताना ते म्हणाले, “दोन-तीन दिस परसाकडला काळंच व्हतंय रं. डांबरागत. चिकाट.” मी म्हणालो, गाडीतलं खाणं बाधलं असेल, ओवा देतो. आणि ओवा दिला.

काला अंब शहरापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहे. करनालकडचा माझा एक मित्र रोड मराठा समाजातला, म्हणजे पानिपतानंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे आपण वंशज, असं मानणाऱ्यांपैकी. त्यानं गाडी आणली होती. धुकं इतकं की समोरचा ट्रक दिसेना. तिथे विटांचा एक स्तंभ आहे, भोवती लोखंडी कठडा. सांगतात ते असं की इथे मोठा आंबा होता, लढाईत इतकं रक्त सांडलं की झाड काळं पडलं. पुढे ते झाड वठलं, लाकडाचे दरवाजे केले गेले. मी दर वर्षी पाहुण्यांना हे सगळं सांगत आलो आहे. भाऊसाहेब, विश्वासराव, इब्राहिमखान गारदी, दोन-अडीच महिन्यांचा वेढा, छावणीतली उपासमार. आबा कठड्याला धरून ऐकत होते. मध्येच म्हणाले, “रक्तानं झाड काळं कसं पडंल? रक्त तर लाल असतंय.”

मी म्हणालो, “आबा, रक्त जुनं झालं की काळंच पडतं.”

हे माझ्याच तोंडचं वाक्य. दोन तासांपूर्वी त्यांनी मला काय सांगितलं होतं, ते तिथे उभं असताना मला आठवलं नाही. थोड्या वेळानं माझा मित्र म्हणाला, ताऊजींना घाम आलाय. त्या थंडीत त्यांच्या कपाळावर पाणी होतं. हात धरला तर बर्फासारखा. ओठ पांढरे. “घेरी आली रं,” म्हणेपर्यंत ते कठड्याशी खाली बसले.

मित्रानं गाडी अशी हाणली की मी त्याचे उपकार फेडू शकणार नाही. रुग्णालयात तरुण डॉक्टरनं नाडी धरली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, “लैट्रिन काली थी?” माझी मान खाली गेली. हिमोग्लोबिन सहाच्या आत होतं. रक्त चढवलं, सलाईन लावलं, आणि नाडी ताळ्यावर आल्यावर घशातून दुर्बीण घालून पाहिलं. जठराच्या पुढच्या भागात, लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण होता आणि त्याच्या तळाची रक्तवाहिनी उघडी पडली होती. तिथेच इंजेक्शन देऊन बारीक क्लिप लावून ती बंद केली.

डॉक्टरनं नंतर मला बाजूला बसवून समजावलं. पोटात वर कुठे रक्तस्राव झाला की जठरातलं आम्ल आणि आतड्याचा लांब प्रवास यांनी ते पचतं, काळं होतं, डांबरासारखं चिकट होतं आणि त्याला एक वेगळीच उग्र घाण येते. पन्नास-शंभर मिली रक्तही शौच काळं करायला पुरतं. म्हातारपणी वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्यांत हे फार दिसतं, आणि जोडीला रक्त पातळ करणारी गोळी असली की धोका वाढतो. पोट दुखायला हवं ना, मी विचारलं. तो म्हणाला, दुखणं मारायच्याच गोळ्या आहेत त्या, व्रणाचं दुखणंही त्या झाकतात. आबांच्या जठरात जंतूही सापडला, हेलिकोबॅक्टर पायलोरी. व्रणामागे जंतू असू शकतो हे जगानं उशिरा मानलं. ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली तो जंतू स्वतः पिऊन स्वतःचं जठर बिघडवून दाखवलं, तेव्हा लोक ऐकू लागले. मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना त्यासाठी २००५ चं नोबेल मिळालं. आबांना चौदा दिवसांचा औषधांचा कोर्स मिळाला. गुडघ्यासाठी दुसरा उपाय, आणि पुन्हा कधी स्वतःच्या मनानं गोळी नाही. आबा आजही आहेत. मी मात्र त्या सकाळचा ओवा विसरू शकत नाही.

पण माझी सर्वात मोठी चूक यानंतरची आहे.

आबांसाठी रक्त लागणार होतं म्हणून मी रक्तपेढीत गेलो. तिथल्या मुलीनं बोटाला सुई टोचली, थेंब तपासला आणि म्हणाली, “अंकल, आप नहीं दे सकते. आपका तो खुद दस है.” रक्तदात्याला साडेबारा तरी लागतं. पुरुषाचं तेराच्या खाली गेलं की ते पंडुरोगातच मोडतं. ती पुढे म्हणाली, “दिखा लेना.” दोन खोल्यांपलीकडे पोटविकाराचा डॉक्टर बसला होता. त्याच्याशी मी तासभर काळ्या आणि लाल रक्ताविषयीच बोललो होतो. त्याला फक्त एवढं सांगायचं होतं की साहेब, मलाही लाल जातं, आणि आता माझं हिमोग्लोबिन दहा निघालं. मी काहीही बोललो नाही. माझी मूळव्याध आहे ना, तिनं थोडं रक्त गेलं असेल, आत्ता आबांचं महत्त्वाचं. जाताना मेडिकलमधून लोहाच्या गोळ्या घेतल्या.

लोहाच्या गोळीनंही शौच काळपट होतं. ते डांबरासारखं चिकट नसतं, पण काळं दिसलं की ‘गोळीमुळे’ म्हणायला आणखी एक निमित्त मिळतं. हिमोग्लोबिन जरा वर चढलं, थकवा कमी झाला, आणि मी सुटलो असं मानलं. मोठ्या पुरुषमाणसाच्या अंगातलं लोह कमी होतं तेव्हा ते कुठून तरी गळत असतं, आणि ती जागा बहुतेक वेळा पोटात असते. ती शोधायच्या आधी मी वरून भरत बसलो.

नंतर शौचाची सवयच बदलली. सकाळी जाऊन आलो की अर्ध्या तासात पुन्हा जावंसं वाटे. कुंथून फक्त शेंबडासारखं काही आणि रक्त. पोट साफ झालं असं कधी वाटेना. पट्टा एक भोक आत गेला. भट्टीसमोर बसून बसून बारीक झालो, असं गिऱ्हाईक म्हणालं तर मीही हसून हो म्हणे. शेवटी बायकोनं मला न विचारता एका सर्जनचा नंबर लावला आणि सकाळी दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. “आज कुलूप लाव,” म्हणाली.

सर्जन बाई होत्या. मला आणखी संकोच वाटला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. किती दिवस, रक्त थेंबथेंब येतं की मळात मिसळलेलं, वजन, घरात कुणाला आतड्याचा आजार. मग विचारलं, “आज तक किसी ने उंगली से जाँच की?” मी भिंतीवरच्या भांगडा नाचणाऱ्या पोराच्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. बायको माझ्याकडे पाहत होती. “नहीं,” मी म्हणालो. तिला तेव्हा कळलं की मी खोटं बोललो होतो.

ती तपासणी अशी असते. डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे. पडदा ओढलेला असतो, अंगावर चादर असते. हातमोज्यावर गार जेली. बाई म्हणाल्या, तोंडानं श्वास घ्या. अवघडल्यासारखं वाटलं, दुखलं नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. मी कण्हतो आहे की काय हे पाहायला त्या मध्ये थांबल्या, असं मला वाटलं. त्या थांबल्या होत्या कारण त्यांच्या बोटाच्या टोकाला काहीतरी कडक, खडबडीत लागलं होतं.

गाठ बोटाच्या टप्प्यात होती. गुदाशयाच्या कर्करोगाच्या बऱ्याच गाठी बोटाला लागतात, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. म्हणजे वर्षानुवर्षं, कुठल्याही साध्या दवाखान्यात, यंत्राशिवाय, जी गोष्ट हातमोजा घातलेल्या बोटाला कळली असती, ती न कळावी म्हणून मी इतका आटापिटा केला होता. लोक सोनं घेऊन माझ्याकडे येतात, म्हणतात, आजीचं आहे, अस्सल आहे. मी कुणाच्या शब्दावर कधी विश्वास ठेवला नाही. कसाला लावल्याशिवाय, टंच काढल्याशिवाय नुसत्या रंगावरून शुद्धता सांगत नाही. आणि स्वतःच्या शरीरातल्या रक्ताचा रंग पाहून निकाल देऊन बसलो होतो.

पुढे आतड्याची पूर्ण तपासणी झाली. आदल्या संध्याकाळी पेग नावाच्या पावडरीचं खारट-लिंबट पाणी लिटरांनी प्यायचं, आतडं धुऊन निघतं. ती रात्र संडासात जाते, हाच त्यातला खरा त्रास. दुर्बीण घालताना गुंगीचं औषध असतं, मला काही आठवत नाही. गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल आला. एमआरआय, सीटी स्कॅन झाले. गाठीशेजारच्या लसिकाग्रंथींपर्यंत आजार गेला होता, तिसरा टप्पा. आधी काही आठवडे रोज किरणोपचार आणि त्यासोबत केमोच्या गोळ्या, मग थांबून शस्त्रक्रिया. काही महिने पोटावर पिशवी होती, जोडलेल्या आतड्याला सांधायला वेळ मिळावा म्हणून. पिशवीविषयी लोकांना फार धास्ती असते, मलाही होती. पिशवीची कड बरोबर कापायला, कातडी कोरडी ठेवायला बायको नर्सकडून शिकली आणि मग तिनं मला शिकवलं. पिशवी लावून मी दुकानात बसलो आहे, सोनं वितळवलं आहे. नंतर ती बंद केली. आता ठरलेल्या वेळी तपासण्या चालू आहेत.

आधी आलो असतो तर काय झालं असतं, हे मी सर्जनबाईंना विचारलं. त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. आतड्यातला कर्करोग बहुतेकदा चामखिळीसारख्या छोट्या उंचवट्यातून, पॉलिपमधून सुरू होतो आणि पॉलिपचा कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागू शकतात. तो पॉलिप असताना सापडला तर दुर्बिणीतूनच फास टाकून कापून काढतात, माणूस संध्याकाळी घरी जातो. तुमचा पहिल्या रक्ताच्या वेळी कोणत्या अवस्थेत होता ते आता कुणीच सांगू शकणार नाही, त्या म्हणाल्या. मी त्या वाक्याशी अजून झगडतो आहे.

त्यांच्याकडे चकरा मारताना बाहेरच्या बाकावर मी खूप शिकलो. शेजारी बसलेल्या एका बाईला काच चिरल्यासारखी आग आणि कागदाला रक्त. तिला गुदद्वाराची चीर होती, फिशर, बद्धकोष्ठानं पडलेली. टबमध्ये कोमट पाण्यात बसणं, मलम, शौच मऊ ठेवणं, एवढ्यावर बरी झाली. एकाला आमांश होता. एका चार-पाच वर्षांच्या पोराला न दुखता ताजं लाल रक्त जायचं, त्याला एकच पॉलिप निघाला. लहान मुलांत हे बरंच आढळतं आणि तो बहुतेकदा निरुपद्रवी असतो. तान्ह्या बाळाला मात्र रडरड, उलट्या आणि जेलीसारखं रक्त असेल तर एक तासही थांबायचं नसतं, आतडं आतड्यात शिरलेलं असू शकतं. एकाला आतड्याचा क्षय निघाला. क्षय फुप्फुसाचाच असतो असं मी धरून चाललो होतो. एका ट्रक ड्रायव्हरला दारूनं यकृत खराब होऊन अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्या होत्या. त्याला रक्ताची उलटी झाली आणि मग काळं शौच. आणि खरोखर नुसती मूळव्याध असलेले सर्वांत जास्त होते. ते हसत घरी जायचे, कुणाच्या मोडाला रबराचं कडं बसवलेलं, कुणाला फक्त चोथ्याचं खाणं आणि पाणी सांगितलेलं. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत माझा अंदाजच खरा ठरला असता. पण आपण त्या बहुतेकांत आहोत की नाही, हे संडासात बसून कळत नाही.

लाल म्हणजे खालचं, काळं म्हणजे वरचं, हा ठोकताळाही पुरेसा नाही. वरून खूप आणि वेगानं रक्त गेलं तर तेही लालच बाहेर येतं. चक्कर, थंड घाम, छातीत धडधड, उठून उभं राहता न येणं, यापैकी काहीही असेल तर रंग पाहत बसायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं. आबांच्या वेळी आम्ही काला अंबला उरलेलं सगळं बघून निघालो असतो तर ते वाटेतच गेले असते.

आपल्या सरकारी कर्करोग तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख येतात, आतडं नाही. अमेरिकेत पंचेचाळीसाव्या वर्षापासून काही त्रास नसतानाही आतडं तपासून घ्यायला सांगतात. आपल्याकडे हा आजार त्यांच्यापेक्षा कमी आहे, त्यामुळे सरसकट तपासणी नाही, हे समजण्यासारखं आहे. पण मग आपल्याला इशारा देणारं दुसरं काही उरत नाही, ते रक्तच काय ते असतं. उपचारासाठी लांब जावं लागतं अशीही सबब आता राहिली नाही. झज्जरजवळ बाढसा इथे एम्सची राष्ट्रीय कर्करोग संस्था उभी आहे, आणि महाराष्ट्रात परळचं टाटा १९४१ पासून आहे. पण माझ्या बाबतीत अंतर नडलंच नव्हतं. मला पडद्यामागे आडवं व्हायचं नव्हतं. बायकांचं तर याहून अवघड. घरात कुणाला सांगावं इथपासून सुरुवात, आणि रक्त पाळीचं म्हणून महिने काढतात. माझ्या बहिणीनं माझं ऐकल्यावर पहिल्यांदा आपलं सांगितलं. ती लगेच जाऊन आली. तिला चीर आहे, बाकी काही नाही.

सख्ख्या नात्यात आतड्याचा कर्करोग झाला की भावंडांनी आणि मुलांनी चाळिशीला, किंवा रुग्णाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, जे लवकर येईल तेव्हा तपासून घ्यायचं असतं. मुलाला अजून अवकाश आहे, त्याच्या कागदावर वर्ष लिहून ठेवलंय. मधला भाऊ तपासून आला, त्याला एक छोटा पॉलिप निघाला आणि तिथल्या तिथे काढला. धाकट्याला दोन वर्षं अधूनमधून रक्त जातंय, हे मला त्याच्या बायकोनं सांगितलं, त्यानं नाही. मी फोन केला तर म्हणाला, “दादा, मला साधं आहे, गावातल्यानं मलम दिलंय.” मी विचारलं, त्यानं तपासलं का. पलीकडून उत्तर आलं नाही.

मिरजेत मी त्याच्यासाठी वेळ घेतली आहे. तो म्हणतो, जत्रा झाल्यावर बघू. मी पुढच्या आठवड्याचं गोवा एक्स्प्रेसचं तिकीट काढलंय. जत्रेच्या आधी त्याला गाडीत घालून मीच नेणार आहे, आणि आत तपासणी होईपर्यंत बाहेर बसणार आहे.